शिक्का कुणाच्या ड्रॉवरमध्ये?

संपादक साहेब,

स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात दक्षिण सुदानच्या संमिश्र सरकारवर लेख आला होता. मी पेपर मोबाइलवरच वाचते, अक्षर मोठं करून करून दोनदा वाचला. लेख चांगला आहे, नावंगावं सगळी नीट दिलीत, पण शेवटी लेखकाने म्हटलंय की भांडणाऱ्या सगळ्यांना मंत्रिमंडळात जागा दिली की निम्मं भांडण तिथेच मिटतं आणि उरलेलं वेळ मिटवते, ते काही पटलं नाही बुवा. दोन दिवस डोक्यात तेच घोळत होतं, मुलगी म्हणाली आई मला ऐकवू नकोस पेपरला लिही, म्हणून लिहायला बसले. लांबलं तर खुशाल कापा, फक्त मधलं कापू नका.

मी ग्वाल्हेरची, इथल्या लश्कर भागात राहते. चौतीस वर्षं सरकारी हिशेबाच्या कामात गेली, बिलं तपासायची, त्रुटी काढायच्या, पास करायची. राजकारणाचा अभ्यास वगैरे काही नाही आणि आमची मराठी पण हिंदीमिश्रित, तेवढं सांभाळून घ्या. पण खुर्च्या वाटल्यावर काय होतं ते मी एकदा अगदी जवळून बघितलंय, ते आधी सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, ऑफिसचं नाव घेत नाही. आमच्या सेक्शनच्या साहेबांचा तबादला झाला, नवे साहेब ऑर्डर घेऊन हजर झाले, आणि तिसऱ्या दिवशी जुने साहेब कोर्टाचा स्टे घेऊन परत आले. आता एक खुर्ची आणि दोन साहेब. वरून कागद आला की पुढचा आदेश येईपर्यंत दोघांनी मिळून काम बघावं, म्हणजे तुमच्या भाषेत अंतरिम संमिश्र सरकारच. एका खोलीत दोन टेबलं लागली, दारावर दोन पाट्या लागल्या, फायलींचीसुद्धा वाटणी झाली, आस्थापना एकाकडे आणि बिलं दुसऱ्याकडे. सगळं वाटलं हो, पण गोल शिक्का एकच होता आणि तो कुणाच्या ड्रॉवरमध्ये राहील हे त्या कागदात कुठेच नव्हतं. पहिले आठ दिवस शिक्का चपराशाच्या खिशात फिरला. मग एका साहेबांनी तो स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि दुसऱ्यांनी लगेच नोट टाकली की माझ्या सहीशिवाय एकही बिल बाहेर जाऊ नये. झालं. एका बाईंचं फॅमिली पेन्शनचं प्रकरण साडेचार महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. बाई रोज डबा घेऊन यायच्या, जिन्याखाली बसायच्या, दुपारी डबा खायच्या आणि चार वाजता विचारून परत जायच्या. गंमत अशी की दोघं साहेब माणसं म्हणून वाईट नव्हती. कुणी बाईंना नाही म्हटलं नाही, दोघंही म्हणायचे माझ्याकडून झालंय, त्यांच्याकडे आहे.

आमच्या कामात ही गोष्ट नवीन आलेल्या पोराला पण पहिल्या महिन्यात कळते, की बिल अडवायला एक सही पुरते आणि पास करायला सगळ्या लागतात. दोन वैऱ्यांना एका सरकारात बसवता तेव्हा तुम्ही त्यांना काम करण्याची ताकद अर्धी अर्धी देता, आणि अडवण्याची ताकद मात्र दोघांनाही पूरी देता. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढे लिहितेय ते त्याचे दाखले.

आपल्याच देशाचा घ्या. २ सप्टेंबर १९४६ ला दिल्लीत अंतरिम सरकार आलं, नेहरू त्याचे उपाध्यक्ष, वर व्हाइसरॉय वेव्हेल. मुस्लिम लीग आधी बाहेर होती, ऑक्टोबरच्या शेवटी आत आली पाच मंत्री घेऊन, त्यासाठी आधीच्या तिघांना राजीनामे द्यायला लागले. आता लीगला एखादं वजनदार खातं द्यायला पाहिजे, गृहखातं सरदार पटेल सोडायला तयार नाहीत, मग अर्थखातं देऊन टाकलं लियाकत अली खानांना. काँग्रेसमधल्या काहींना वाटलं की एवढं क्लिष्ट खातं यांना झेपायचं नाही. मौलाना आझादांनी नंतर लिहिलंय की ही मोठी चूक झाली, कारण पटेलांच्या लक्षात आलं की लियाकत अलींच्या मंजुरीशिवाय आपल्याला एक चपराशी पण नेमता येत नाही. हे वाचलं तेव्हा मी घरात एकटीच हसले, आमच्या शिक्क्यावाल्या चपराशाची आठवण आली. गृहखातं एवढं मोठं, पोलीस आहेत, गुप्तचर आहेत, पण पद मंजूर करायचं तर फाइल अर्थखात्यात जाणार आणि तिथे त्रुटी लागणार. पटेलांनी खुर्ची राखली आणि सही देऊन बसले, असं मी म्हणते, इतिहासवाल्यांनी रागावू नये. फेब्रुवारी १९४७ च्या शेवटी लियाकत अलींनी बजेट मांडलं, त्यात एक लाखाच्या वरच्या व्यापारी नफ्यावर २५ टक्के कर सुचवला होता, म्हणायला गरिबांचं बजेट, पण ओरडले ते उद्योगपती आणि त्यातले बरेच काँग्रेसच्या जवळचे. नेहरू आपल्या मंत्र्यांबरोबर आधी बोलून घ्यायचे, लीगचे मंत्री आपलं वेगळं बसायचे, संविधान सभा डिसेंबरमध्ये सुरू झाली तर लीग तिथे आलीच नाही, म्हणजे सरकारात आहे आणि सरकार ज्या कामासाठी बनवलं त्या कामात नाही. पाच-सहा महिन्यांत दोन्हीकडच्या लोकांना वाटायला लागलं की यापेक्षा वेगळं झालेलं बरं. फाळणी या एका कारणाने झाली असं मी म्हणत नाहीये, तेवढी अक्कल आहे, पण रोजच्या फायलींच्या अडवाअडवीने माणसं किती थकली असतील ते मला कळतं, मी साडेचार महिन्यांत थकले होते.

झिंबाब्वेवाल्यांनी तर कमालच केली. २००८ च्या निवडणुकीत मारामाऱ्या झाल्या, सप्टेंबरमध्ये समझोता झाला, मुगाबे राष्ट्राध्यक्ष राहणार आणि विरोधी पक्षाचे त्वांगिराई पंतप्रधान होणार. पण गृहखातं म्हणजे पोलीस, ते कुणाकडे यावर महिनोन्महिने अडून बसले. शेवटी शेजारच्या देशांनी तोडगा काढला, काय तर दोन गृहमंत्री! खरंच, फेब्रुवारी २००९ मध्ये सरकार आलं ते एकाच खात्याला दोन्ही पक्षांचे दोन मंत्री घेऊन. फौज मुगाबेंकडेच. अर्थखातं मात्र विरोधी पक्षाला दिलं आणि ते अख्खं दिलं, एकाच माणसाला, तेंडाई बिटी नावाचे. त्याआधी तिथे शंभर ट्रिलियन डॉलरची नोट छापायची पाळी आली होती, म्हणजे एकावर चौदा शून्यं, आमच्या कॅल्क्युलेटरमध्ये मावणार नाहीत एवढी. स्वतःचं चलन सोडून अमेरिकन डॉलर आणि बाकी चलनं चालू केली आणि महागाई थांबली. रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर जुनाच होता, त्यावरून शेवटपर्यंत कटकट, पण तरी हे खातं चाललं. बाकी ठिकाणी जिथे दोघं दोघं बसवले तिथे काय झालं ते विचारूच नका, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्वांगिराईंचा पक्ष काही दिवस मंत्रिमंडळाच्या बैठकींना जायचाच बंद झाला होता.

केनियात पण तेव्हाच असं सरकार आलं होतं, राष्ट्राध्यक्ष किबाकी आणि त्यांचे विरोधक ओडिंगा यांचं, मंत्री चाळीसच्या घरात. तिथले लोक त्याला नुसु म्कातेचं सरकार म्हणायचे, म्हणजे अर्ध्या पावाचं. शब्द आवडला म्हणून लिहिला. तसं त्यांनी २०१० मध्ये नवं संविधान तरी करून दाखवलं, अगदीच वाया नाही गेलं.

आता तुमच्या लेखातलं दक्षिण सुदान. हा देश ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी जुलैत काढून टाकलेले उपराष्ट्राध्यक्ष रीक माचार यांच्यात लढाई पेटली. २०१५ मध्ये समझोता, २०१६ च्या एप्रिलमध्ये माचार राजधानी जुबाला परत आले, जुलैत पुन्हा गोळीबार, आणि ते जंगलातून पायी काँगोकडे पळाले. २०१८ मध्ये परत समझोता. ठरलेलं सरकार बसवायला पण दोनदा मुदत वाढवून घेतली आणि ते २२ फेब्रुवारी २०२० ला एकदाचं बसलं. वाटणी बघा, पाच उपराष्ट्राध्यक्ष, पस्तीस मंत्री, त्यातले वीस कीरांचे, नऊ माचारांचे, बाकीचे सहा इतर गटांचे, आणि संसदेत ५५० सदस्य. इतकं मोजून मापून वाटलेलं सरकार मी दुसरं ऐकलं नाही, लग्नातल्या आहेराच्या यादीसारखं.

माझ्या चुलत नणंदेचा मुलगा फौजेत आहे, आपली एक बटालियन युनोच्या शांतिसेनेत मलाकालला असते, तिथे तो होता. मलाकाल म्हणजे अप्पर नाईल राज्याची राजधानी. तो सांगतो मामी माती अगदी आपल्या माळव्यासारखी काळी, पाऊस पडला की गाडीचं चाक अर्धं आत, मग चार चार तास दोर लावून ओढा. पण त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त लक्षात राहिली. वाटणीप्रमाणे त्या राज्याचा गव्हर्नर माचारांच्या पक्षाने सुचवायचा होता. त्यांनी एका जनरलचं नाव दिलं, कीर म्हणाले हा नको. ते म्हणाले आमच्या वाट्याचं आहे आम्ही सांगू तो, हे म्हणाले नेमणुकीवर सही माझी आहे. इतर राज्यांचे गव्हर्नर नेमून झाले तरी हे राज्य तसंच. सरकार बसलं फेब्रुवारी २०२० मध्ये आणि अप्पर नाईलला गव्हर्नर मिळाला जानेवारी २०२१ मध्ये, तो पण दुसराच माणूस. पोरगा म्हणे त्या मुदतीत एखादं काम घेऊन गेलं की जो तो म्हणायचा गव्हर्नर आले की बघू. मी म्हटलं अरे आमच्या जिन्याखालच्या बाईच त्या.

मंत्रालयांचं पण तेच झालं. पेट्रोलियम खातं माचारांच्या पक्षाला, आणि तेलाचा पैसा जमा होतो ते अर्थखातं कीरांकडे. संरक्षण खातं माचारांच्या पत्नी अँजेलिना टेनी यांना दिलं होतं, वाटणीत त्यांच्या पक्षाचंच होतं ते. मार्च २०२३ मध्ये कीरांनी एक फर्मान काढलं, बाईंना काढून टाकलं आणि खात्याची अदलाबदल केली, संरक्षण आमच्याकडे आणि गृह तुमच्याकडे. तिथे अशी फर्मानं संध्याकाळी सरकारी टीव्हीवर वाचून दाखवतात, मंत्र्याला पण तिथूनच कळतं म्हणे. आता सांगा, पस्तीसपैकी नऊ मंत्री तुमचे आहेत पण त्यांना घरी पाठवायची सही समोरच्याची आहे, तर ते नऊ तुमचे कसे? तुमच्या लेखकाने टक्केवारी सगळी दिली, ही सही कुठेच दिली नाही, म्हणून हे पत्र. मार्च २०२५ मध्ये खुद्द माचारांनाच घरात नजरकैदेत टाकलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर देशद्रोहाचे आरोप लावले. कागदावर तोपर्यंत ते पहिले उपराष्ट्राध्यक्ष होते.

बंदुकांचं बोलायचं तर नेपाळचं उदाहरण बघण्यासारखं आहे, आणि आम्हा ग्वाल्हेरवाल्यांना नेपाळ तसं परकं नाही, राजमाता विजयाराजेंची आई तिथल्या राणा घराण्यातली, माधवराव शिंद्यांच्या पत्नी पण तिथल्याच. नोव्हेंबर २००६ मध्ये माओवाद्यांशी शांतता करार झाला. त्यांचे जे लढवय्ये युनोने तपासून पक्के केले ते १९,६०२, त्यांना छावण्यांत ठेवलं. हत्यारं कंटेनरमध्ये कुलूपबंद, आणि चावी कुणाकडे? माओवाद्यांकडेच! युनोने नुसती देखरेख करायची, कंटेनरला सायरन लावलेला, कुणी उघडलं की वाजणार. नेपाळी फौजेने पण तेवढीच हत्यारं तशीच कुलपात टाकायची, त्यांची चावी त्यांच्याकडे. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. कुलूप कुणाचं, चावी कुणाकडे, बघणारा कोण, हे सगळं आधीच लिहून ठेवलं होतं, त्यामुळे त्यावरून मारामारी झाली नाही. अडलं ते जे लिहिलं नव्हतं तिथे. हे एवढे लोक फौजेत घ्यायचे की नाही, घ्यायचे तर किती, यावर वर्षानुवर्षं घोळ. २००८ मध्ये निवडणूक होऊन माओवाद्यांचे नेते प्रचंड पंतप्रधान झाले, त्यांनी मे २००९ मध्ये लष्करप्रमुख कटवालांना काढलं, राष्ट्रपती रामबरण यादवांनी त्याच रात्री कटवालांना सांगितलं तुम्ही राहा. परत आपले दोन साहेब आणि एक स्टे! दुसऱ्या दिवशी प्रचंडांनी राजीनामा दिला. शेवटी फौजेत गेले ते दीड हजाराच्या आत.

आणि मुदत. ही गोष्ट लेखात एका ओळीत उरकलीय पण माझ्या मते खरी मेख इथे आहे. दक्षिण सुदानचं अंतरिम सरकार तीन वर्षांचं होतं. २०२२ मध्ये म्हणाले अजून दोन वर्षं द्या. २०२४ मध्ये म्हणाले अजून दोन, आता निवडणुकीची तारीख डिसेंबर २०२६ दिलीय. नेपाळची पहिली संविधान सभा दोन वर्षांसाठी होती, ती वाढवत वाढवत चार वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये संविधान न करताच बरखास्त झाली, मग दुसरी निवडून आणली तेव्हा कुठे २०१५ मध्ये झालं. का होतं असं? अहो ज्याला वाटणीत नऊ मंत्रिपदं मिळालीत त्याला निवडणुकीत तीन मिळाली तर? आणि ज्याच्याकडे सही आहे तो कशाला परीक्षेला बसेल? दोघांचं बाकी कशात जमत नाही पण मुदत वाढवायची म्हटलं की लगेच एकमत. आमचे दोन साहेब पण कोर्टाची तारीख पुढे गेली की दोघंही खूश दिसायचे, तेवढ्यापुरता चहा एकत्र व्हायचा. तिकडे दक्षिण सुदानात सरकारी नोकरांना महिनोन्महिने पगार नाही, असं मी वाचते तेव्हा मला मंत्री नाही दिसत, त्या नोकरांच्या घरचा किराणावाला दिसतो.

आता कुणी म्हणेल दक्षिण आफ्रिकेत कसं जमलं मग. जमलं, पण तिथे काय केलं होतं ते बघा ना. एक तर आधी निवडणूक घेतली, एप्रिल १९९४ मध्ये, आणि मग मतांप्रमाणे वाटणी. पाच टक्के मतं मिळाली की मंत्रिमंडळात जागा मागता येईल, वीस टक्क्यांपर्यंत गेलात की एक उपराष्ट्राध्यक्ष तुमचा. मंडेलांच्या पक्षाला बासष्ट टक्के, डी क्लर्कांच्या नॅशनल पार्टीला वीसच्या जरा वर, बुथेलेझींच्या इंकाथा पक्षाला दहाच्या जरा वर. ज्यांनी सत्तावीस वर्षं तुरुंगात ठेवलं त्या पक्षाचा माणूस मंडेलांच्या हाताखाली उपराष्ट्राध्यक्ष, काय बैठका झाल्या असतील! दुसरं म्हणजे मुदत पाच वर्षं, १९९९ ला खलास, हे आधीच लिहिलेलं. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, सगळ्यांचं मत घेऊन एकमताने चालायचा प्रयत्न करा असं लिहिलं होतं, पण छोट्या भागीदाराला नकाराधिकार दिला नव्हता. शेवटची सही एकाचीच. याचा परिणाम असा की १९९६ मध्ये नवं संविधान मंजूर झाल्यावर डी क्लर्क आपले मंत्री घेऊन बाहेर पडले आणि सरकार पडलं नाही, तसंच चालत राहिलं. त्यांना बाहेर जायला जंगलातून पळावं लागलं नाही. लेखकाला विचारायचं होतं की कुठलं अंतरिम सरकार पक्कं हे ओळखताना आत किती जण आहेत ते मोजायचं, की एखादा रुसून निघून गेला तर काय होतं ते बघायचं? मी दुसरं बघते.

अर्थात मंडेलांसारखा माणूस आणायचा कुठून, हे मला माहीत आहे, तो भाग कागदात लिहून येत नाही.

आता आमच्या ग्वाल्हेरचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण असं एक सरकार आमच्या घरात राहून गेलंय. स्वातंत्र्यानंतर मध्य भारत नावाचं राज्य झालं, २८ मे १९४८ ला नेहरूंनी इथे येऊन उद्घाटन केलं. शिंदे आणि होळकर, या दोन घराण्यांचं पेशव्यांच्या काळापासूनचं काय नातं होतं ते मराठी वाचकाला मी काय सांगणार. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. पण राजधानी कुठे? ग्वाल्हेरवाले म्हणे इथे, इंदूरवाले म्हणे तिथे. मग काय, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर! माझे वडील सचिवालयात कारकून होते, इथे मोती महलमध्ये. आई सांगायची की वर्षातून दोन बिऱ्हाडं. फायली लोखंडी पेट्यांत भरून रेल्वेने जायच्या आणि मागून आम्ही. वडिलांची एक काळी ट्रंक होती, तिच्या झाकणावर एका बाजूला पांढऱ्या रंगाने ग्वाल्हेर आणि दुसऱ्या बाजूला इंदूर लिहिलेलं, जायच्या वेळी हमालाला कुठली बाजू दाखवायची तेवढं बघायचं. आणि प्रत्येक खेपेला एखादी फाइल म्हणे दुसऱ्या शहरात राहिलेली असायची, हवी ती बरोबर तीच. पहिल्या चार वर्षांत मुख्यमंत्री तीन झाले, लीलाधर जोशी, गोपीकृष्ण विजयवर्गीय आणि तखतमल जैन.

पण गोळी नाही चालली. का नाही चालली? मला वाटतं कारण दोन्ही घराण्यांच्या वर एक तिसरा बसला होता, दिल्ली, त्याच्याकडे फौज होती, तनखे देणारा तोच होता, आणि वाटाघाटी फिसकटल्या असत्या तर शेवटची सही त्याची होती. दक्षिण सुदानच्या समझोत्यावर शेजारच्या देशांची संघटना हमीदार आहे, पण हमीदाराकडे ना फौज ना तिजोरी, तो नुसता काळजी व्यक्त करतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला आणि राजधानी गेली भोपाळला, म्हणजे ग्वाल्हेर पण रडलं आणि इंदूर पण रडलं. मग समजूत काढायला ऑफिसं वाटली, हायकोर्ट जबलपूरला आणि त्याची खंडपीठं इंदूर-ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला, महसूल मंडळ, आबकारी, ट्रान्सपोर्ट, महालेखाकार ग्वाल्हेरला. ही वाटणी मात्र टिकली हो, अजून आहे. कारण आबकारीवाला ट्रान्सपोर्टची फाइल अडवू शकत नाही, ज्याचं त्याचं अख्खं. (१९६७ च्या संविद, म्हणजे विरोधकांनी एकत्र येऊन केलेल्या संयुक्त विधायक दलाच्या सरकारबद्दल पण लिहिणार होते, नेत्या राजमाता आणि मुख्यमंत्री गोविंदनारायण सिंह, छत्तीस आमदार काँग्रेस फोडून बाहेर आलेले, पण ते दोन वर्षं पण टिकलं नाही आणि ते अंतरिम नव्हे, ती वेगळीच मजा आहे, पुन्हा कधी.)

तर लेखकाला माझं सांगणं इतकंच की पुढच्या वेळी असल्या सरकारवर लिहिताना कुणाला किती खुर्च्या ही यादी अर्धी करा आणि त्या जागेत हे सांगा की पगाराच्या बिलावर सही कुणाची, ठाणेदाराचा तबादला कोण करतो, मंत्र्याला काढायचं तर विचारावं कुणाला लागतं, आणि मुदत संपली नि निवडणूक नाही झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस कोण उघडतं. आमच्यासारख्यांना त्यातून जास्त कळेल. डिसेंबर २०२६ चं पान मी कॅलेंडरवर नाही, मोबाइलवर लावून ठेवलंय, मुलीने लावून दिलं.

त्या पेन्शनवाल्या बाईंचं काय झालं ते राहिलंच. पाचव्या महिन्यात स्टे उठला, जुने साहेब गेले, ड्रॉवर उघडला, आणि चपराशाने शिक्का काढून सगळ्यात आधी त्यांच्या कागदावर मारला, कुणी न सांगता. फाइल नंबराने बघितलं तर ती एकविसावी होती. आमच्यापैकी कुणी त्रुटी काढली नाही.

कृपया नाव छापू नये, आमच्यातले एक साहेब अजून आहेत आणि तुमचा पेपर वाचतात.

आपली जुनी वाचक,
लश्कर, ग्वाल्हेर